ऋतुजाचा नंबर कितवा

हा प्रश्न अयोध्याला एका आठवड्यात नऊ जणांनी विचारला. त्यात दोन शेजारणी होत्या, एक नणंद होती, सिलेंडर घेऊन येणारा माणूस होता आणि दातांचे डॉक्टर होते. डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातल्यावर विचारलं, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नव्हती. आठवडाभरात मिळालेली ही एवढीच सवलत.

लातूरमध्ये हा प्रश्न चौकशी म्हणून विचारत नाहीत. तब्येत कशी आहे, पाणी आलं का, नंबर कितवा, असा तो ओळीत येतो आणि पहिल्या दोहोंचं उत्तर कोणी ऐकून घेत नाही. अयोध्याच्या गल्लीत तर 'त्या अठ्ठ्याण्णव टक्केवाल्यांच्या समोर' ही पत्त्याची खूण होती. ते अठ्ठ्याण्णव टक्के घर सोडून गेले, त्यांच्या जागी निवृत्त तलाठी राहायला आले, तरी खूण तीच राहिली.

अयोध्याची अडचण अशी की तिला उत्तर माहीतच नव्हतं. ऋतुजा आठवीत होती, 'उमज माध्यमिक विद्यालय' नावाच्या, गावाबाहेर नांदेड रस्त्याला असलेल्या खासगी शाळेत. आणि उमजमध्ये नंबर काढत नसत. गुणही देत नसत. सहामाहीनंतर चार पानांचं प्रगतिपुस्तक यायचं, त्यात मुलाविषयी निबंध असायचा.

शाळा वाईट नव्हती. तिथल्या मुलांनी विहिरीत दगड टाकून, कान देऊन, तिची खोली मोजली होती. सोयाबीन उपटून मुळांवरच्या गाठी मोजल्या होत्या. एकदा ऋतुजाने 'चहातली साखर विरघळून कुठं जाते' हे बघायला दोन कप चहा आटवत ठेवला आणि साखर सापडली, पण पातेलं गेलं. अयोध्याला हे सगळं आवडायचं. पण आवडणं आणि धीर वाटणं यात फरक आहे. ऋतुजा दिवसात किती पाणी प्यायली, डब्यातली भाजी तिनेच खाल्ली की मैत्रिणीने, केसांत कोंडा कुठल्या बाजूला जास्त आहे, हे सगळं अयोध्याला पाठ होतं. एवढं लक्ष ठेवूनही मुलगी नेमकी कुठं उभी आहे ते कळत नव्हतं, आणि त्यामुळे तिला एका जागी बसवत नव्हतं. बसली की उठायची, उठली की फ्रिज उघडायची, फ्रिजमध्ये काय बघायचं होतं ते विसरून बंद करायची.

अशात लोह्याजवळच्या गावाहून सासऱ्यांचा फोन आला. सासरे म्हणजे भगवानराव. त्यांना ती मामा म्हणायची.

"सूनबाई, पोरीचा नंबर कितवा?"

"मामा, या शाळेत नंबर काढत नाहीत."

"का? मास्तरला मोजता येत न्हाई?"

"तसं नाही. त्यांचं म्हणणं, मुलांची तुलना करू नये."

"जत्रेत बैलाचाबी नंबर निघतो," भगवानराव म्हणाले, आणि थोडं थांबून त्यांनी मुद्दा मांडला. नांदेडला एक निवासी शाळा होती. आठवीपासूनच डॉक्टरकीची तयारी. तिचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता, द्यायची शेवटची तारीख येता सोमवार. "पाचाच्या आत असंल तर राहू दे तिथंच. मी काय बोलत न्हाई. न्हाईतर नांदेडच्या हॉस्टेलात टाकू."

अयोध्याचा नवरा सिद्धेश्वर रोज मुरुडला अपडाऊन करायचा आणि वडिलांना आजवर त्याने होकाराचे दोनच शब्द ऐकवले होते, 'हाव आबा'. फोन हातात आल्यावर त्याने तेही म्हणून टाकले. ऋतुजा जेवता जेवता ऐकत होती. तिने पोळीची घडी केली, उलगडली, परत केली. मग विचारलं, "तिथं प्रश्न विचारायला वेळ देतात का?" सिद्धेश्वरने वरणाचं पातेलं पुढे ओढलं. ती ताट घेऊन उठली आणि त्या दिवशी तिने काहीच आटवलं नाही.

तेव्हाच अयोध्याने ठरवलं की सोमवारच्या आत ऋतुजाचा नंबर काढायचा, आणि तो पाचाच्या आत काढायचा.

सरळ मार्ग म्हणून ती आधी शाळेच्या ऑफिसात गेली. तिथे व्यंकट क्लार्क होता. तो उदगीरकडचा, शब्द मोजून वापरणारा.

"नंबर पाहिजे होता मुलीचा."

"नंबर नसतो इथं."

"तोंडी सांगितला तरी चालेल."

"अर्ज द्या."

नसलेल्या गोष्टीसाठी अर्ज कसा करायचा, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचाही अर्ज द्यावा लागला असता. तिने लिहिलं, 'विषय: माझी पाल्य कु. ऋतुजा हिचा वर्गातील क्रमांक मिळणेबाबत.' व्यंकटने शिक्का मारला आणि अर्जाला आवक क्रमांक दिला, सत्तेचाळीस. म्हणजे अर्जाला नंबर होता, मुलीला नव्हता.

"उत्तर कधी मिळेल?"

"सरांच्या टेबलावर ठेवतो. कळवू."

कळवू या शब्दावर अयोध्याचा विश्वास नव्हता. घरी येऊन तिने प्रगतिपुस्तक चौथ्यांदा काढलं. त्यात लिहिलं होतं, 'ऋतुजाला उत्तरापेक्षा प्रश्नात जास्त रस आहे. ऐकलेलं पक्कं धरते. फळ्यावरचं उतरवून घेताना स्वतःची भर घालते. शेजारणीच्या सल्ल्याने काम करते.'

"चांगलंच लिहिलंय की," सिद्धेश्वर म्हणाला.

"चांगलं लिहिलंय हेच तर. शेजारणीच्या सल्ल्याने म्हणजे काय? बघून लिहिते असं म्हणायचंय त्यांना."

"मग तसं लिहिलं असतं."

"तुम्ही मुरुडला जा."

वरच्या मजल्यावरच्या दीपमालाला मात्र सगळं एका वाचनात समजलं. तिचा शिवांश अशा शाळेत होता जिथे दर पंधरवड्याला क्रमांक लागायचा. "ताई, यांच्याकडे गुण नाहीत, पण शब्द आहेत ना," ती म्हणाली. "शब्दांनाच मार्क द्यायचे. 'उत्कृष्ट'ला पाच, 'उत्तम'ला चार, 'छान'ला तीन. आणि 'प्रयत्न करतो'ला उणे एक."

"उणे कशाला?"

"प्रयत्न करतो म्हणजे येत नाही. आमच्याकडे असं गुळमुळीत नसतं. सरळ सत्ताविसावा म्हणून सांगतात. मन मोकळं होतं."

आता अयोध्या संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली. लग्नानंतर ते शास्त्र डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या एवढ्यावरच येऊन थांबलं होतं. दीपमालाच्या बोलण्याने ते एकदम जागं झालं. तिने वहीवर रेघा मारल्या. वर्गात मुलं बावीस. तिने आयांना फोन लावले आणि 'अक्षर बघायचं होतं वर्गशिक्षिका ताईंचं' अशा सबबीवर प्रगतिपुस्तकांचे फोटो मागवले. तेरा आले, चौदावं घरचं. आठ जणींनी फोनच उचलला नाही, त्यावरून त्यांची मुलं हुशार असावीत असा तिने अंदाज केला.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. 'चौकस' या शब्दाला किती? अयोध्या म्हणाली चार, दीपमाला म्हणाली दोन, कारण चौकस पोरं घरात भांडणं लावतात. तीनवर तडजोड झाली. 'बोलका' हे कौतुक की तक्रार, यावर पाऊण तास गेला. शेवटी गुलाबी आणि हिरव्या पेनने तक्ता तयार झाला आणि पहिला आला सत्यम. सत्यमबद्दल ताईंनी लिहिलं होतं, 'शिक्षकांची उत्कृष्ट नक्कल करतो. उत्तम शिट्टी वाजवतो. छान हसतो.' बारा गुण. त्याच्या जवळपास कोणी नव्हतं.

ऋतुजा चौदातून अकरावी आली. तिच्याबद्दलच्या चार वाक्यांत मार्क मिळेल असं एकही विशेषण नव्हतं.

अयोध्याने बेरीज तीनदा तपासली. एकदा तिला वाटलं, 'पक्कं' या शब्दाला पाच द्यावेत, म्हणजे सहावी तरी येईल. पण दिलेला शब्द फिरवला तर ते शास्त्र राहत नाही, आणि एवढा एक अभिमान तिच्याजवळ उरला होता. तिने तक्त्याचा फोटो काढला, खाली लिहिलं 'कोणाला दाखवू नका' आणि सिद्धेश्वरला पाठवून दिला.

तो सिद्धेश्वरला गेला नाही. तो 'उमज आठवी पालक' या ग्रुपवर गेला. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने घाईघाईने डिलीट केला, पण फक्त स्वतःपुरता. म्हणजे झालं असं की तो तक्ता बघू न शकणारी त्या ग्रुपवर ती एकटीच उरली.

पुढचे दोन दिवस ग्रुपवर जे चाललं त्याला चर्चा म्हणणं धाडसाचं होईल. 'चौकसला तीन कोणत्या नियमाने?' 'आमच्या मुलीला समंजस लिहिलंय, त्याला शून्य का?' 'आमचं प्रगतिपुस्तक न घेता क्रमांक कसे लावले?' हे त्या फोन न उचललेल्या आठांपैकी एकीचं. सत्यमच्या आईने मात्र अयोध्याला फोन केला आणि पोराचा जन्मात पहिल्यांदा पहिला नंबर आला म्हणून ती दोन मिनिटं रडली. तिघी जणी तर थेट शाळेत जाऊन ताईंकडे विशेषण बदलून मागून आल्या. एकशे त्रेचाळीस मेसेज झाले. त्यांच्या मध्ये कुठेतरी शाळेचाही एक होता, गुरुवारच्या कार्यक्रमाबद्दल. तो अयोध्याने वाचला नाही. तिने फोन उपडा घालून तांदळाच्या डब्यावर ठेवला होता आणि गल्लीत जायचं बंद केलं होतं.

शुक्रवारी दुपारी डब्यावरचा फोन वाजला.

"व्यंकट बोलतो. उमजच्या ऑफिसातून. ऋतुजाच्या आई का?"

"हो," ती म्हणाली, शिक्षा ऐकायच्या तयारीने.

"ऋतुजाचा नंबर निघालाय."

तिने फोनला दुसरा हातही लावला. "कितवा?"

"ते सर सांगतील, कागद त्यांच्याकडं हाय. वर्गातून एकटीचाच निघाला. उद्या दहाला दोघंबी या म्हणले."

फोन बंद झाला. अयोध्या तशीच उभी राहिली. अर्ज क्रमांक सत्तेचाळीस. म्हणजे तो टेबलावर गेला होता, सरांनी वाचला होता, आणि शाळेने आपला नियम मोडून एका मुलीचा, वर्गातल्या एकाच मुलीचा नंबर काढला होता. एकटीचाच निघाला याचा अर्थ लातूरमध्ये लहान मूलही सांगेल.

तिने पहिला फोन गावी लावला. भगवानराव पारावर बसलेले होते, ते तिथूनच म्हणाले, "मी सकाळच्या गाडीनं निघालो." मग दीपमाला आली, मग तलाठी आले, मग पेढे आले. चार वाजता ऋतुजा शाळेतून आली तेव्हा तिच्या तोंडात काही बोलायच्या आधी पेढा गेला.

"नंबर आला ते सांगितलं नाहीस?"

ऋतुजाने पेढा गिळला. "त्यात काय सांगायचं? मला काल थोडं रडू आलं होतं."

"येणारच. मलापण आलं."

"मला नको होता, आई. मुली हसतील."

"हसू देत. जळणारे हसतातच."

"आणि आजोबांना कशाला सांगितलंस?"

अयोध्याला तो विनय वाटला. तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलगी दमली असेल म्हणून दूध तापवायला घेतलं. ऋतुजा दुसरा पेढा हातात घेऊन तिच्याकडे जरा विचित्रच बघत होती, डोळे बारीक करून. अयोध्याने तेही पाहिलं आणि झोप आली असेल असं समजली.

शनिवारी दहाच्या आधीच तिघं शाळेत हजर होते. सिद्धेश्वरने रजा काढली होती. भगवानरावांच्या हातात हार, शेला, नारळ आणि खिशात नांदेडच्या फॉर्मची घडी, कारण माणसाने दोन्ही बाजूंनी तयार असावं. मुख्याध्यापक उमाशंकर सर त्यांना बसा म्हणायच्या आत भगवानरावांनी शेला त्यांच्या खांद्यावर टाकला.

"समदं तुमच्यामुळं, सर."

"अहो, आम्ही काय केलं," सर संकोचले. "मशीन डॉक्टरांचं होतं."

"आता मशीनवर काढत्यात का नंबर?"

"हो. दोन मिनिटांत निघतो. चूक होत नाही."

भगवानरावांनी मुलाकडे बघितलं. "नांदेडला तीन तास पेपर घेत्यात."

"लवकर कळलं हे बरं झालं," सर म्हणाले. "या वयात वाढतो तो."

"वाढू द्या की."

"नाही, वाढू नये म्हणून बघायचं."

भगवानरावांना हे पटलं नाही, पण शेला घातलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. सरांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. "घरात आणखी कोणाला आहे? वडिलांना?"

"याला? याला कुठला. हा कायम काठावर."

सिद्धेश्वरने खाली बघितलं. अयोध्या खुर्चीत पुढे सरकली. काय चुकतंय ते तिला कळेना, पण खोलीतलं प्रत्येक वाक्य आपल्या जागेपासून बोटभर सरकल्यासारखं वाटत होतं.

"सर," ती म्हणाली, "कितवा आहे तेवढं सांगा ना."

सरांनी कागद पुढे केला. "उजव्याचा एक. डाव्याचा दीड."

"दोन काढले का?" भगवानरावांनी विचारलं.

"दोन डोळे आहेत ना," सर म्हणाले.

कागदावर चष्म्याचं चित्र होतं. गुरुवारी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली होती, तसा मेसेज ग्रुपवर होता, चौकस आणि समंजसच्या मध्ये कुठेतरी. अयोध्याला आठवलं की आपण तलाठ्यांना तीन पेढे दिले. आणि ते त्यांच्या जावयाला फोनवर सांगत होते.

सरांना शेल्याचा अर्थ आत्ता लागला. तो काढावा की ठेवावा हे त्यांना समजेना, म्हणून तो तसाच राहिला. "चूक आमचीही आहे," ते म्हणाले. "ती फळ्यावरचं चुकीचं उतरवायची, आम्ही समजलो कल्पना लढवते. शेजारणीला विचारून लिहायची, आम्ही समजलो सहकार्य. तिला मागच्या बाकावरून फळा दिसतच नव्हता."

अयोध्याने चष्म्याच्या चित्रावरून बोट फिरवलं. पाण्याचे घोट मोजले होते तिने. कोंडासुद्धा.

भगवानराव बोलू लागले. पण ते कोणाशी बोलत होते ते कळत नव्हतं. "धूर दिसतो," ते म्हणाले. "फळ्याच्या जागी धूर दिसतो. मी चौथीपातूर बसलो शाळेत. मला वाटायचं, समद्यांनाच तसंच दिसतं आन् बाकीची पोरं आठवून वाचत्यात. मास्तर म्हणले ढ हाय, मी म्हणलो असंल. साठीत मोतीबिंदू काढला तवा तो डॉक्टर म्हणला, आजोबा, तुमचा नंबर लहानपणापासूनच हाय."

सिद्धेश्वर वडिलांकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याने बेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

"आणखी एक," वही मिटून सर म्हणाले. "तो तक्ता तुम्हीच केला ना? आज आठवीला गणिताच्या तासाला तोच घेतलाय. या, बघा."

अयोध्याला जायचं नव्हतं. पण भगवानराव आधीच उठले होते. वर्गाच्या फळ्यावर तिचा तक्ता मोठ्या अक्षरांत काढलेला होता, गुलाबी आणि हिरव्या खडूने, अगदी तिच्या पेनांसारखा. ऋतुजा आता पहिल्या बाकावर होती. ती उभी राहून बोलत होती, आणि मागे दारात कोण आलंय हे तिला दिसलं नव्हतं.

"पहिली गोष्ट, बावीसपैकी चौदाच घेतलेत. दुसरी, चौकसला तीन आणि छानलापण तीन, हे कोणी ठरवलं ते लिहिलेलं नाही. सत्यम पहिला आलाय तो शिट्टीमुळे."

"ऑब्जेक्शन," सत्यम हुबेहूब उमाशंकर सरांच्या आवाजात म्हणाला, आणि वर्ग हसला.

"म्हणजे तक्ता खोटा आहे का?" गणिताच्या ताईंनी विचारलं.

ऋतुजाने विचार केला. "चुकीचा आहे. खोटा नाही. ज्यांनी केलाय त्यांनी त्यांच्या स्वतःच्या मुलीला अकरावी ठेवलंय. एक शब्द बदलला असता तर सहावी आली असती. मी करून बघितलं."

दारात अयोध्याने पदर चेहऱ्याशी नेला, घाम पुसल्यासारखा. भगवानराव शेवटच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले. तिथून फळा दिसतो का ते बघत असावेत. घंटा होईपर्यंत ते उठले नाहीत.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी खिशातून फॉर्म काढला. तो उलगडला जायच्या आधी अयोध्या बोलली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मामांपुढे विचारल्याशिवाय ती पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

"मामा, ती इथंच शिकणार. अकरावी असली तरी. बाविसावी असली तरी."

"मी कुठं काय म्हणलो," भगवानराव म्हणाले. त्यांनी फॉर्म सिद्धेश्वरच्या हातात दिला. "ह्ये ठिव. दुसऱ्या कुणाच्या लेकराला लागंल."

"हाव आबा," सिद्धेश्वर म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच ते मनापासून म्हणाला.

एवढ्यात भगवानरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल इतका होता. गावाहून पुतण्या, दयानंद.

"आबा, फ्लेक्सवाला थांबलाय. समदं बसवलंय, फोटो, नाव, अभिनंदन. फक्त कितवा नंबर ते टाकायचं राह्यलंय. काय टाकू?"

कोणी कोणाकडे बघितलं नाही. सरांनी खांद्यावरचा शेला सारखा केला. व्यंकट ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. भगवानरावांनी फोन अयोध्यापुढे धरला. "तूच सांग. हिशेब तुझा हाय."

अयोध्याने फोन घेतला. आठवडाभर ज्या प्रश्नाने तिला बसू दिलं नव्हतं तो आता तिच्या हातात होता आणि त्याचं उत्तरही होतं, सहीशिक्क्यासकट. "भाऊजी, नुसतं 'नंबर आल्याबद्दल' एवढंच टाका."

"आन् गावानं विचारलं मग? कितवा म्हणून सांगू, वहिनी?"

भगवानरावांनी फोन परत घेतला.

"विचारलं तर म्हणावं, डाव्याचा दीड," ते म्हणाले. "आन् आजच छापू नको रे. चष्मा येऊ दे. चष्म्यातला फोटो टाकायचाय."